डोळ्याचा कासरा कुणाच्या हाती? डोळ्यांचे स्नायू आणि नसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात तिरळेपणा तपासायच्या खोलीत बसून मला बरीच वर्षं झाली. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीहून माणसं येतात. चंदगडला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, म्हणून तिकडचीही येतात. कुणी विचारतं, "शीर आखडलीय का हो अक्का?", कुणी म्हणतं "नस दबलीय". बाकावर शेजारी बसलेली बाई तेच कन्नडमध्ये विचारते आणि तिरळेपणाला 'मेळ्ळगण्णु' म्हणते. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच असतात. ते इथं एकदा लिहून ठेवते.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. स्नायू म्हणजे ओढणारा दोर. नस म्हणजे त्या दोराला मेंदूचा हुकूम पोचवणारी वायर. रक्ताची शीर वेगळी, तिचा इथं फक्त एवढाच संबंध की वायरीलाही रक्त लागतं.

डोळा फिरवणारे स्नायू किती?

प्रत्येक डोळ्याला सहा. चार सरळ आणि दोन तिरके. सातवाही एक आहे, पण तो डोळा फिरवत नाही, वरची पापणी उचलतो.

डोळा म्हणजे जेमतेम 24 मिलिमीटरचा गोळा, लहानशा आवळ्याएवढा, खोबणीत चरबीच्या गादीवर ठेवलेला. चारही सरळ स्नायू खोबणीच्या तळाशी एका कड्यापासून निघतात, छत्रीच्या काड्यांसारखे पुढं पसरतात आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागाला चिकटतात: एक नाकाकडं, एक कानाकडं, एक वर, एक खाली. लांबी साधारण 40 मिलिमीटर. नाकाकडचा आखडला की डोळा नाकाकडं वळतो, कानाकडचा आखडला की कानाकडं. इथवर सोपं आहे.

चिकटायच्या जागाही ठरलेल्या. बुबुळाच्या काठापासून नाकाकडचा 5.5 मिलिमीटरवर, खालचा 6.5, कानाकडचा 6.9 आणि वरचा 7.7. एवढे बारीक आकडे कशाला, असं वाटेल. पण ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टर कंपासपेटीतल्या कर्कटकासारखं एक हत्यार घेऊन नेमकं हेच मोजत असतात.

चार बाजूंना चार स्नायू झाले. मग तिरके दोन कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा पाजते, कारण डोळ्यातली सगळ्यात देखणी रचना इथं आहे.

आमच्या गावच्या विहिरीवर मोट होती. बैल उतारानं पुढं चालत जायचे आणि पाणी वर यायचं. ओढ एकीकडं, काम दुसरीकडं, आणि मधे ते चाक. वरच्या तिरक्या स्नायूचं अगदी तसंच. खोबणीच्या वरच्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, कूर्चेची एक छोटी कडी आहे. स्नायू मागून येतो, त्याची दोरी त्या कडीत ओवलेली असते, तिथून ती वळते आणि तिरकी मागं जाऊन डोळ्याच्या माथ्यावर चिकटते. म्हणून स्नायू मागं ओढतो, पण डोळ्याचा माथा ओढला जातो पुढं, नाकाच्या दिशेला. या कडीचं लॅटिन नावही 'कप्पी' याच अर्थाचं आहे.

डोळा नाकाकडं वळलेला असताना त्याला खाली न्यायचं काम या स्नायूवर पडतं. पेपर वाचणं, सुपातले खडे वेचणं, जिना उतरणं, सगळं याच्या जिवावर. दुसरं काम जास्त गमतीचं. तुम्ही मान खांद्याकडं झुकवली की डोळे उलट दिशेला किंचित गोल फिरतात, म्हणजे समोरचं चित्र थोडं तरी सावरलं जावं. पूर्ण भरपाई होत नाही, पण प्रयत्न चालू असतो. आरशासमोर उभं राहून पांढऱ्यावरची एखादी लाल रेघ धरून ठेवा आणि मान हळू कलवा, दिसतं. खालचा तिरका स्नायू याच्या उलट काम करतो, त्याला कडीबिडी नाही.

या स्नायूंना नसा कोणत्या?

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. त्यातल्या तिसरी, चौथी आणि सहावी या तीन डोळा हलवतात. मेडिकलची पोरं एक सूत्र घोकतात: एलआर सिक्स, एसओ फोर, बाकी सगळे थ्री. म्हणजे कानाकडचा सरळ स्नायू सहाव्या नसेकडं, वरचा तिरका चौथीकडं आणि उरलेले चार तिसरीकडं. पापणी उचलणारा स्नायूही तिसरीचाच, आणि बाहुली बारीक करणारी वायर तिच्यासोबतच येते. एका नसेवर एवढा बोजा असल्यामुळं तिसरी बिघडली की पापणी, नजर आणि कधी बाहुली असं सगळं एकदम बिघडतं.

चौथी या सगळ्यांत बारीक. मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूनं बाहेर पडणारी ती एकटीच. बाहेर पडताना ती पलीकडं जाते, उजवीकडून निघून डाव्या डोळ्याकडं, आणि मग देठाला वळसा घालून पुढं येते. एवढी बारीक वायर आणि कवटीच्या आत एवढी लांब वाट. मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेली पोरं "पायरी दोन दिसायलेत" म्हणून येतात तेव्हा पहिला संशय मला हिचाच येतो. त्यांतल्या बहुतेकांचं हेल्मेट घरी खुंटीला असतं.

आणखी एक गोष्ट. पायाच्या मोठ्या स्नायूत एक चेतापेशी शेकडो तंतूंना एकाच वेळी हुकूम देते. डोळ्यात एका चेतापेशीच्या ताब्यात मोजके तंतू असतात, दहाच्या आतबाहेर. म्हणून नजर केसाएवढी सरकवता येते.

दोन्ही डोळे एकदमच कसे वळतात? एक मागं कसा राहत नाही?

बैलजोडी हाकलेल्या माणसाला हे समजवायला मला दोन मिनिटं लागतात. उजवीकडं वळायचं तर उजवा कासरा ओढतात आणि त्याच वेळी डावा सैल सोडतात. दोन्ही ओढले तर गाडी जागच्या जागी. डोळ्यातही नाकाकडचा स्नायू आखडतो तेव्हा कानाकडच्याला सैल व्हायचा हुकूम आपोआप जातो. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी हा नियम दाखवून दिला. नसांच्या कामाबद्दल त्यांना 1932 साली नोबेल मिळालं.

हे झालं एका डोळ्यातलं. दोन डोळ्यांचा नियम जर्मन शास्त्रज्ञ एवाल्ट हेरिंग यांनी 1868 साली मांडला: उजवीकडं बघायचं तर उजव्या डोळ्याच्या कानाकडच्या स्नायूला आणि डाव्या डोळ्याच्या नाकाकडच्या स्नायूला सारख्याच जोराचा हुकूम जातो. अशा जोडीला इंग्रजीतही जुवाला जुंपलेले स्नायू असंच म्हणतात. हे कळल्यापासून मला इंग्रजी जरा आपली वाटायला लागली.

प्रत्यक्षात जू मेंदूच्या देठात असतं. सहाव्या नसेच्या गाठीतून एक वायर पलीकडं जाऊन तिसरीच्या गाठीला मिळते आणि सांगते, मी हा डोळा बाहेर नेतेय, तू तो आत घे. ही वायर बिघडली तर एक डोळा बाजूला जातो आणि दुसरा मधेच थांबतो. तरुणांत हे मेंदूच्या वायरींवरचं आवरण झिजवणाऱ्या आजारात दिसतं, वयस्करांत पक्षाघाताच्या लहानशा झटक्यानंतर. मजा अशी की तो मधेच थांबलेला डोळा बोट नाकाजवळ आणलं की बऱ्याचदा छान आत येतो. म्हणजे बैल धडधाकट आहे, जूच मोडलंय.

आरशात स्वतःचे डोळे हलताना का दिसत नाहीत?

करून बघा. आरशात आधी डावा डोळा बघा, मग उजवा, मग परत डावा. हालचाल दिसणारच नाही. शेजाऱ्याला मात्र दिसते, आणि मोबाइलच्या सेल्फी व्हिडिओतही दिसते.

नजर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना सरकत नाही, उडी मारते. मोठ्या उडीचा वेग सेकंदाला 500 अंशांच्या वर जातो आणि उडी सेकंदाच्या काही शतांशांत संपते. जागेपणी सेकंदाला अशा तीनेक उड्या चालूच असतात. उडीच्या वेळी मेंदू चित्र दाबून टाकतो, नाहीतर दिवसभर जग फरफटत गेल्यासारखं दिसलं असतं.

दुसरी चाल सावकाश, पाठलागाची. आकाशातली घार, मैदानातला चेंडू. पण तिला पाठलाग करायला काहीतरी हलतं हवं. मोकळ्या भिंतीवर नजर सावकाश सरकवून बघा, जमत नाही, तुकड्या-तुकड्यानं उड्याच पडतात. वडगाव-शहापूरकडच्या यंत्रमागावर बसणारे काका मला म्हणाले होते, "धोटा दिसतो कुठं? आम्ही आवाजावर ओळखतो." बरोबर आहे. मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याच्या वेगाला पाठलागाची नजर पुरत नाही.

चोर्ला घाटात मोबाइल बघितला की ओकारी का येते?

कानाच्या आत, ऐकायच्या भागाला लागून, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की त्यातलं पाणी मागं राहतं, त्यावरून मेंदूला वळण कळतं, आणि साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागात डोळे तेवढेच उलट फिरतात. मधे मोजून तीन चेतापेशी, इतका जवळचा रस्ता. हे वाचत असाल तो मोबाइल स्थिर धरा आणि नाही-नाही म्हणतात तशी मान हलवा, वाचता येईल. आता मान स्थिर ठेवून मोबाइल तेवढाच जोरात हलवा. अक्षरं पुसली जातात.

घाटात कान सांगतो वळतोय, हातातल्या स्क्रीनवरची नजर सांगते सगळं स्थिर आहे. या भांडणात पोट हरतं. पुढच्या सीटवर बसा, लांबचा रस्ता बघा. आवळासुपारी चघळायला माझी हरकत नाही, पण मोबाइल खिशात ठेवणं जास्त कामाचं.

लोंढ्याकडं जाणाऱ्या रेल्वेत खिडकीशी बसलेल्या माणसाचे डोळे जरूर बघा. झाडाबरोबर हळू मागं जातात, पटकन पुढं येतात, परत मागं. तान्ह्या बाळाला दिसतं का हे तपासायला आम्ही पट्ट्यापट्ट्यांचं फिरतं पिंप दाखवतो, ते याच युक्तीवर.

एकाएकी सगळं दोन-दोन दिसायलंय. चष्मा बदलू?

आधी एक डोळा तळहातानं झाका. मग तो उघडा आणि दुसरा झाका. कुठलाही एक झाकल्यावर दोनाचं एक होत असेल तर दोन डोळ्यांची दिशा जुळत नाहीये, म्हणजे भानगड स्नायूत किंवा नसेत आहे. एक डोळा झाकूनही दुसऱ्याला दोन दिसत असतील तर मोतीबिंदू, बुबुळाचा आकार, चष्म्याचा नंबर असलं काहीतरी त्या डोळ्यातच आहे, आणि ते बहुधा चार दिवस थांबू शकतं. पहिलं थांबू शकत नाही.

आमच्याच घरातली गोष्ट. थोरले मामा निपाणीकडं तंबाखूच्या गाडीवर असायचे. एके दिवशी घरी येऊन म्हणाले, "समोरून दोन-दोन ट्रक यायलेत, कुठल्याला वाट द्यायची?" एका चष्म्याच्या दुकानातून त्यांनी नवीन चष्मा केला. आठवड्यानं तिथंच तो बदलून घेतला. दोन चष्म्यांचे पैसे गेले आणि पंधरा दिवस. मी त्या वेळी हुबळीला शिकत होते, मला कुणी कळवलंही नाही. सुट्टीला आले तर मामा एका डोळ्यावर रुमाल धरून चहा पीत होते. लांबचं जास्त दुहेरी, डावीकडं बघितलं की आणखी लांब जाणारं. डावा डोळा कानाकडं जातच नव्हता. सहावी नस. रक्त तपासलं तर साखर 300 च्या वर, आणि मधुमेह असल्याचं कुणालाच माहीत नव्हतं.

मधुमेह आणि रक्तदाबात नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बुजतात, आणि नस तात्पुरती मरगळते. अशी नस बहुतेक वेळा तीनेक महिन्यांत सावरते, अट एकच, साखर आणि बीपी ताब्यात ठेवायचं. मामांची सावरली. तोवर एका डोळ्यावर पट्टी किंवा चष्म्याच्या काचेवर प्रिझम (दोन चित्रं जुळवणारी काच), आणि गाडी अजिबात चालवायची नाही. हे शेवटचं त्यांना पटवायला मामीला बैलगाडीएवढा जोर लावावा लागला.

सहावी नस आणखी एका कारणानं दबते. कवटीतला दाब वाढला की ती ताणली जाते, मूळ दुखणं भलतीकडंच असलं तरी. म्हणून दुहेरी दिसण्याबरोबर सकाळची डोकेदुखी, उलटी, नजर मिणमिणणं असेल तर डोक्याचा स्कॅन लागतो.

आणि एक प्रकार असा की त्यात चहा प्यायलाही थांबायचं नाही. एकाएकी पापणी पडली, डोळा बाहेर-खाली गेला, डोकं भयंकर दुखतंय, आणि त्या बाजूची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय. तिसऱ्या नसेला चिकटून मेंदूची एक रक्तवाहिनी जाते. तिला फुगा आला की तो आधी बाहुलीची वायर दाबतो, कारण ती वायर नसेच्या बाहेरच्या अंगाला असते. मधुमेहात आतले तंतू मरगळतात आणि बाहुली बऱ्याचदा वाचते. डॉक्टर टॉर्च मारून बाहुली का बघत बसतात, ते यासाठी. फुगा फुटला तर माणूस हाती लागत नाही.

दुहेरी दिसण्यासोबत तोंड वाकडं, हातपाय लुळे, बोलणं जड असेल तर घरी "वारं गेलं" म्हणून तेल चोळत बसू नका. हा पक्षाघात असू शकतो; मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि खानापूरच्या आतल्या गावातून निघायलाच त्यातला एक तास जातो.

सकाळी बरी असते, संध्याकाळी पापणी पडते. झोप कमी होतेय का?

झोपेचा दोष असेलही, पण दिवस चढेल तशी वाढणारी आणि विश्रांतीनं उतरणारी पापणी मला वेगळंच सांगते. नस आणि स्नायू जिथं भेटतात तिथं एक रसायन निरोप पोचवतं. मायस्थेनिया नावाच्या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती तिथली दारं बंद करत सुटते. वायर चांगली, दोर चांगला, मधला हातमिळवणीचा खेळ बिघडलेला. तपासायला पेशंटला मिनिटभर छताकडं बघायला सांगतो, पापणी हळूहळू उतरू लागते. मग हातमोज्यात बर्फ भरून दोन मिनिटं पापणीवर ठेवतो. पापणी वर आली की संशय बळावतो. पुढं रक्ताची तपासणी, आणि औषधं आहेत. गिळायला किंवा श्वासाला जड जाऊ लागलं तर मात्र थेट दवाखाना.

रात्री शेतावर झोपला होता, सकाळी पापण्याच उघडेनात. डोळे आलेत का?

हा प्रश्न मला दोनदा फोनवर आलाय, आणि दोन्ही वेळा मी खुर्चीतून उठले.

पावसाळ्यात भाताला किंवा उसाला पाणी पाजायला गेलेली माणसं खोपीत जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री फिरते, अंथरुणात शिरते, आणि तिच्या चाव्याला धड वेदना नाही की सूज नाही. डास चावल्यासारखं वाटून माणूस परत झोपतो. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होतात, दोन-दोन दिसतं, गिळता येत नाही. विष नसेच्या टोकाशी जाऊन निरोपाचं रसायनच बंद पाडतं, आणि पापणी-डोळ्यांचे स्नायू सहसा सगळ्यात आधी हार मानतात. शेवटी श्वासाचे.

डोळ्यात थेंब घालू नका, मांत्रिक नको, कापणं-चोखणं नको, आवळून दोरीही नको. हातपाय न हलवता माणसाला आडवं ठेवा, 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं प्रतिविष आणि श्वासाचं मशीन असलेल्या दवाखान्यात न्या. चाव्याची खूण सापडली नाही तरी "जमिनीवर झोपला होता" एवढं डॉक्टरला आवर्जून सांगा. प्रतिविष लवकर मिळालं तर उपयोग; नसेची टोकं एकदा बिघडली की ती सावरेपर्यंत मशीनवर दिवस काढावे लागतात, पण माणूस वाचतो. खोपीत खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी, याहून स्वस्त उपाय नाही.

डोळा लवतोय. शकुन की नस?

आज्जीच्या हिशोबानं बाईचा डावा लवला तर चांगलं, पुरुषाचा उजवा. माझ्या हिशोबानं पापणी मिटणारा गोल स्नायू फडफडतोय. त्याची नस सातवी, चेहऱ्याची. कमी झोप, जास्त चहा, जास्त स्क्रीन. काही दिवसांत थांबतं. डोळा पूर्ण मिटूनच जायला लागला किंवा गालही ओढला जायला लागला तर दाखवा.

बाळ तिरळं बघतंय. "भाग्याचं असतंय, राहूंदे" म्हणतात घरचे.

भाग्य असतं तर मी रोज एवढी भाग्यवान पोरं रडताना बघितली नसती.

पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाची नजर कधीकधी भरकटते, कारण जू अजून नीट बसलेलं नसतं. त्यानंतरही एक डोळा वळत असेल तर आणा. काही बाळांचं नाक चपटं आणि आतल्या कोपऱ्याची कातडी रुंद असते, म्हणून ती तिरळी भासतात, असत नाहीत. टॉर्चचा ठिपका दोन्ही बाहुल्यांच्या मधोमध पडला की आईचा जीव भांड्यात पडतो. बाहुलीत पांढरी चमक दिसली तर मात्र उद्यावर टाकू नका. ती डोळ्यातल्या गाठीची खूण असू शकते.

तिरळा डोळा वेगळं चित्र पाठवतो, मेंदूला दोन चित्रं नको असतात, म्हणून तो एक बंद करतो. पोराला दुहेरी दिसत नाही, तक्रारही नसते, आणि तो डोळा बघायचंच विसरतो. याला आळशी डोळा म्हणतात. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून आळशाला कामाला जुंपायचं, हा उपाय. सात-आठ वर्षांच्या आत तो सगळ्यात चांगला लागू पडतो. कितीतरी पोरांचा तिरळेपणा तर दूरदृष्टीच्या नंबरामुळं असतो. जवळचं स्पष्ट बघायला डोळा जोर लावतो, त्या जोरासोबत आत वळतो. नुसत्या चष्म्यानं ती सरळ होतात. "पोरगीला चष्मा, मग लग्नाचं कसं?" असं अडीच वर्षांच्या मुलीच्या आज्जीनं मला विचारलंय.

पोर मान वाकडी करून टीव्ही बघतं. मानेचं दुखणं का?

एक डोळा झाकून बघा. मान सरळ झाली तर दुखणं डोळ्याचं. चौथी नस जन्मतः अशक्त असली की मूल मान दुसऱ्या खांद्याकडं कलवून दोन्ही चित्रं जुळवून घेतं. वर्षभर मानेला शेक घेतलेली मुलं माझ्याकडं येतात. मी घरचे जुने फोटो मागवते. बारसं, पहिला वाढदिवस, मामाच्या लग्नातला ग्रुप फोटो. प्रत्येकात मान एकाच बाजूला. निदान अर्धं तिथंच झालेलं असतं.

ऑपरेशनमध्ये डोळा बाहेर काढून ठेवतात म्हणे?

नाही हो. डोळा जागच्या जागीच असतो. वरचं पारदर्शक आवरण जरा उघडून स्नायू शोधतात, जोर जास्त असेल तर सोडवून काही मिलिमीटर मागं शिवतात, कमी असेल तर थोडा कापून आखूड करतात. कासरा लांब-आखूड करण्यासारखंच. स्नायू चिकटतो तिथं डोळ्याची भिंत 0.3 मिलिमीटर इतकी पातळ असते, म्हणून टाका घालणाऱ्याचा हात स्थिर हवा. बर्लिनच्या डीफेनबाख यांनी 1839 साली हे ऑपरेशन यशस्वी करून दाखवलं. मुलांना पूर्ण भूल देतात. बऱ्याच जणांना त्याच दिवशी घरी सोडतात. कधी दुसऱ्यांदा करावं लागतं, हे आधीच सांगते म्हणजे नंतर भांडण नको. मोठेपणीही करता येतं. आळशी डोळ्याची नजर तेवढी परत येईलच असं नाही.

जाता जाता: सुरकुत्या घालवायला जे बोटॉक्सचं इंजेक्शन घेतात, ते मुळात तिरळ्या डोळ्यासाठी शोधलेलं औषध. अमेरिकेत 1989 साली त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी.

डोळे गरागरा फिरवायचा व्यायाम केला की चष्मा जातो का?

जात नाही. नंबर डोळ्याच्या लांबीवर आणि बुबुळाच्या गोलाईवर ठरतो, या सहा स्नायूंच्या ताकदीवर नाही. व्यायामाचा उपयोग एका ठिकाणी खरा आहे: जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळवायला कमी पडत असतील, वाचताना ओळी एकमेकींवर चढत असतील, तर पेन नाकाकडं आणायचा सराव सांगतो. तपासून मगच.

कन्नड पाट्या वाचताना डोळे दमतात. नस कमजोर झालीय का?

मराठी शाळेत शिकलेले बरेच जण हे विचारतात, अर्धं चेष्टेनं. वाचताना नजर एका शब्दावर सेकंदाचा पाव भाग थांबते आणि उडी मारते. लिपी सरावाची नसली की थांबे लांबतात, उड्या आखूड होतात, मागं वळूनही बघावं लागतं. बसची पाटी पुरती वाचून होईतो बस सुटते. स्नायू ठणठणीत आहेत. माझा मुलगा कन्नड दुसरी भाषा घेऊन शिकला, तो चालत्या बसची पाटी वाचतो आणि मला हात धरून चढवतो.

तपासणीला येताना काय आणायचं?

आत्ताचा आणि आधीचा चष्मा, साखर-बीपीचे कागद, चालू गोळ्यांची चिठ्ठी, जुने फोटो. बाहुली मोठी करायचे थेंब घालावे लागतात, चार-सहा तास उजेड टोचतो, म्हणून गाडी चालवायला दुसरं कुणीतरी. बाळाला झोप काढून, पोटभर पाजून आणा, आणि आवाज करणारं एखादं खेळणं सोबत असू दे. माझ्याकडचं प्लॅस्टिकचं बदक परवा एका पोरानं नेलं.